तालमीत शिकलेला पट्टा

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्षात गुडघा परवानगी देत नाही). निपाणीत तुझी साखर आणि सूनबाई दोन्ही ताब्यात असतील, असे धरून चालते.

माझ्या कमरेला सध्या एक पट्टा असतो. मी पडले की तो बोंब मारतो आणि डॉक्टर विजयसिंहांना व पुण्यात आमच्या शिवप्रसादला आपोआप फोन लावतो. डॉक्टर आणि इंजिनिअरिंगची मुले मिळून तो म्हाताऱ्या माणसांसाठी बनवत आहेत, आणि चाचणीला त्यांना मी सापडले. पायरीवरून पडल्यापासून शिवप्रसादने बजावले आहे की पुन्हा पडलीस तर फ्लॅटला कुलूप आणि तू पुण्याला. (तिथे बाराव्या मजल्यावर बोलायला फक्त कबुतरे.) तेव्हा माझे घर आता या पट्ट्याच्या साक्षीवर टिकून आहे.

पहिल्याच दिवशी मी सोफ्यावर बसले (कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला आवाज न करता बसायला शिकवले होते, पण तेव्हा मी सडपातळ होते) आणि पट्टा किंचाळू लागला. डॉक्टर कुणाचा तरी एक्स-रे हातात घेऊन तसेच धावत आले. पुण्याहून बॅग भरण्याची सूचना आली. मग पलंगावर बसले तेव्हा तेच, रिक्षात बसले तेव्हाही तेच. रिक्षावाल्याने मागे वळून विचारले, "मावशी, पोटात काय वाजतंय?"

शेवटी मी डॉक्टरांना आणि मुलांना घरी बोलावले. मुलांची म्होरकी स्वप्नाली, मुरगूडची. पडणे म्हणजे काय हे या पट्ट्याला कुणी शिकवले, असे विचारल्यावर ती निवांतपणे म्हणाली, "म्हातारी माणसं पाडायला डॉक्टर न्हाय म्हणाले की, आज्जी. मग आमच्या तालमीतल्या पैलवानांना पट्टं बांधलं. लई मनापासून पडत्यात." डॉक्टर छताकडे पाहू लागले. त्यांनी आकडे तपासले होते. पडले कोण, हे विचारले नव्हते. थोडक्यात, पट्ट्याच्या लेखी जो धाडकन आपटतो तोच पडतो, आणि माझे बसणे त्याला कुस्तीसारखे वाटते.

शिवप्रसादला मी कळवले आहे की पट्टा खोटारडा आहे आणि आई ठणठणीत आहे. त्याला ते पटलेले दिसते.

तुझी,
शिवगंगा

ता. क. मंगळवारी मी न्हाणीघरात पडले. भिंतीला धरून, घसरत, अगदी सावकाश. चिमणाबाई भांडी घासायला येईपर्यंत तिथेच होते. पट्ट्याने चकार शब्द काढला नाही.

आणखी एक. हे फक्त स्वप्नालीला सांगितले आहे. तिला आता सावकाश पडणाऱ्या बायका हव्या आहेत (जाड गाद्यांवर, डॉक्टर शेजारी उभे). मी तुझे नाव दिले आहे. महिनाभराचे कपडे घेऊन ये. शिवप्रसादने विचारले तर विज्ञानासाठी आले आहे म्हणून सांग. माझा डावा हात अजून वर जात नाही आणि वेणी एका हाताने घालता येत नाही.