मामांनी सिरियस व्हावे याबद्दल

उधना, सुरत
ता. ९ फेब्रुवारी १९६९

तीर्थस्वरूप राघोमामांस, भाचा सुकलालचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत, मामींचा दमा काय म्हणतो, ते सविस्तर कळवा. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. गेले पाच महिने तसं राहणं सक्तीचंच आहे.

त्याचं असं झालं, पोळ्याच्या सुमारास आमच्या मिलमध्ये आरोग्य योजना आली. (म्हणजे एक वेल्फेअर साहेब, एक वजनकाटा आणि भिंतभर तक्ता आला. डॉक्टर अजून यायचा आहे. दवाखान्यात जुनाच कंपाउंडर जुन्याच बाटलीतून सगळ्यांना तेच लाल औषध देतो.) साहेब माणूस भला. त्यांनी आम्हाला गोळा करून समजावलं, की एकेकाची नाडी बघत बसण्याचे दिवस गेले, आता अख्ख्या मिलची तब्येत एकदम सुधारायची. ज्या खात्यातून सहा महिने कुणीही दवाखान्याची चिठ्ठी मागणार नाही, त्या खात्याला हिरवा झेंडा आणि घरटी एक स्टीलचा डबा, झाकणासकट. डब्याचं नाव निघालं आणि आमच्या मागांच्या साळखात्यातून रोगराई हद्दपार झाली. आमच्यातल्या दगाचं बोट मागात चेचलं, तर त्याने हळद लावून चिंधी बांधली, आणि लोटू मुकादमाने त्याला तक्त्यावर मामेबहिणीच्या लग्नाला पाठवून दिलं. (ती बहीण तीन लेकरांची आई आहे, पण तक्त्याला कोण सांगणार?) नातेवाइकांचं लग्न, मयत, आजारपण यांची रजा साहेब हसत देतात, कारण तो रोगी तक्त्यात येत नाही.

मला मात्र संक्रांतीपासून खोकला लागला. संध्याकाळी अंगात कणकणही असते. मी चिठ्ठी मागायला निघालो, तर सगळं खातं आडवं आलं. साहेब फेरीवर आले की जोडीदार निंबा माझ्या शेजारचा बंद माग चालू करून देतो. त्या खडखडाटात माझा खोकला कुणाच्या बापाला ऐकू येत नाही. वर मला म्हणतो, "दम धर रे भो, ईस दिन राह्यनात." डब्याला वीसच दिवस उरलेत, त्याचं तरी काय चुकलं? त्याच्या सरलाबाईने डब्यात काय भरायचं तेसुद्धा ठरवून ठेवलंय.

परवा वजनं झाली. माझं चार किलो घटलेलं निघालं. मला वाटलं, आता तरी साहेब विचारतील. पण लोटू मुकादमाचं पाच किलोने वाढलं होतं. साहेबांनी दोन्ही आकडे एकत्र केले, आमचं खातं एक किलोने सुधारलं असं तक्त्यावर लिहिलं आणि माझ्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. त्या थापेने मला जी उबळ आली, ती निंबाच्या मागालाही झाकता येईना. साहेब म्हणाले, "हवामां रू बहु छे." हवेत कापूस आहे. तोही तक्त्यात नाही.

बाकी सर्व ठीक. तुमची भाचेसून भागीरथी मजेत आहे. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
सुकलाल

ता. क. पत्र मिळताच अमळनेरला जाऊन 'मामा सिरियस, ताबडतोब या' अशी तार करा. आजी आमच्या तारांतून दोनदा वारली आहे, तिला तिसऱ्यांदा नेता येत नाही. आईबद्दल असं लिहायला माझा हात धजत नाही. उरलात तुम्ही. म्हणजे मला रजा मिळेल, झेंडा हिरवा राहील आणि अमळनेरच्या डॉक्टरला छाती दाखवता येईल.

ता. क. दुसरा. आठ दिवसांपासून खोकल्यात रक्त पडतंय. भागीरथीला सांगितलेलं नाही. ती फळीवरची डब्याची जागा रोज पुसून ठेवते. मला भीती वाटते, मामा. तारेत 'सिरियस' लिहायला कचरू नका. ते खोटं नाही, नाव तेवढं तुमचं आहे.