गुडघ्यापर्यंत चिखल

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सकाळी शाळेच्या पायरीवर उभी राहिले की मी मुलांच्या वह्यांआधी त्यांचे पाय बघते. सवय तुमचीच. आम्ही पलीकडच्या वाडीतली पोरं ओहोटीला खाडी ओलांडून यायचो. त्या चिखलात घट्ट जमिनीची एकच वळणावळणाची वाट, आणि थोरली पोरं तिच्या कडेने काठ्या रोवायची. तुम्ही पायरीवर गूळखोबरं घेऊन बसलेले असायचात. "एकाचे जरी गुडघे भरले, तरी कुणालाच नाही," एवढंच म्हणायचात. मग कुणाला मागे ठेवायची कुणाची टाप नव्हती.

आता त्याच शाळेत मी बाई आहे. मोठी माणसं पुलावरून फिरून जातात, पोरं मात्र अजून खाडीतूनच येतात. यंदा ती फार उशिरा येऊ लागली, म्हणून मी जाहीर केलं, सर्वांत आधी येईल त्याला रंगपेटी. पहिल्या आठवड्यात घंटेआधीच वर्ग भरायचा आणि मी माझ्यावरच खूश होते. मग एके दिवशी दुसरीतली एक मुलगी कमरेपर्यंत चिखलाने भरून आली. रडतही नव्हती. तिच्या शेजारच्या घरातली सातवीतली मुलगी रोज पहिली येते. तिला विचारलं, हिला वाट का दाखवली नाहीस? ती शांतपणे म्हणाली, "मंग समद्यांनाच वाट कळंल ना, बाई." तिच्या त्या शांतपणाची मला भीती वाटली.

नंतर समजलं, पुढे जाणारा मागच्या काठ्या उपटून टाकतो. मी बक्षीस बंद केलं, रागावले, तुमच्यासारखं गूळखोबरंही ठेवून पाहिलं. पोरांनी ते खाल्लं. काठ्या काही परत आल्या नाहीत.

उद्या अमावास्येचं उधाण आहे, पाणी लवकर चढेल. पुलावरून या म्हटलं तर सगळ्यांनी माना डोलावल्या, पण घरी जाताना चपला दप्तरातच होत्या आणि पावलं खाडीकडेच. म्हणून आज संध्याकाळी काठ्यांचा भारा घेऊन मीच खाडीत उतरले, आणि चार पावलांत माझे गुडघे भरले. काठ्या तशाच परत आणल्या.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. गुरुजी, ती वाट मला कधीच माहीत नव्हती. माझे पाय स्वच्छ असायचे, कारण पुढच्या मुलीचा फ्रॉक माझ्या मुठीत असायचा.