बाजूची खुर्ची

वाशिम, मंगळवार संध्याकाळ

मुलाखतीचा नवा नियम आज लागू झाला. नियम माझाच. आमच्या डाळ मिलमध्ये उमेदवाराला जो घेऊन येई, तोच बाजूच्या खुर्चीवर बसून सगळी उत्तरं द्यायचा. मिल वाढून राह्यली, आता हे कसं चालणार? यापुढे उमेदवार एकटाच आत येईल.

पहिली आली ती बापूकाकांची पुतणी. काका आमचे सुपरवायझर. दुपारी माझ्यासोबत जेवणारं तेवढं एकच माणूस.

"मले बसू द्या मॅडम. पोरगी भिऊन राह्यली."

"काका, नियम सगळ्याइले सारखा."

"तुमच्या टायमाले मीच बसलो होतो बाजूले."

एवढंच बोलून ते बाहेर गेले. पोरगी आधी रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिली, मग चांगली बोलली. स्वतःचं स्वतः. घेतलं तिला. म्हणजे नियम बरोबरच आहे ना?

दुपारी काकांनी रोजच्यासारखा ठेचा माझ्या टेबलावर आणून ठेवला, आणि स्वतः हमालांमध्ये जाऊन जेवले.

ती खुर्ची बाहेर काढायला सांगणार होते. नाही सांगितलं.