काच काळी राहिली पाहिजे

४ मे
सहावी काच. सकाळी हॉटप्लेटवर पेरोव्हस्काइटचा, म्हणजे सौरघटाच्या नव्या पदार्थाचा, थर मस्त काळा झाला, मी नाचायचीच बाकी होते. चारला पाहते तर पुन्हा पिवळी! सर म्हणाले, "शनिवारपर्यंत काळी राहिलेली एक तरी काच दाखव. नाहीतर पीएचडीला दुसरा विषय घे." दुसरा कुठला? मला हाच हवाय.

५ मे
प्रयोगशाळेतले शिपाई गुलाबकाका म्हणे, "पिवळी झाली तं झाली, रडतं काहून?" सांगितलं त्यांना: पिवळी काच उन्हातला निळा-जांभळा उजेड तेवढा पिते, बाकीचा आरपार सोडून देते. काळी पार लाल टोकापर्यंत पिते. तेही केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ थरात! सिलिकॉनला त्याच कामाला कितीतरी जाड थर लागतो. प्यालेल्या उजेडाने आतले इलेक्ट्रॉन सुटतात, तीच वीज.
"मंग यवतमाळचं ऊन तं हिले पुरून उरन!"
सातवी. चारला पिवळी.

६ मे
काका पुतणीच्या लग्नाला मुकुटबनला. मी एकटी, घामाघूम. आठवी काच. चार वाजले, काळी. पाच, काळी!! काय वेगळं केलं मी? काहीच नाही. घरी जायला पाय निघेना.

७ मे
सकाळीही काळीच. काका आले, लग्नातली बुंदी दिली, कुलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, बटण दाबलं. गार वाटलं. तीनला काचेच्या कडेला पिवळं.
काचेकडे पाहिलं. कुलरकडे पाहिलं. काल काका नव्हते, तो बंदच होता. अरे देवा, ओल! या पदार्थाला ओल सोसत नाही हे परीक्षेत लिहून आलेली बाई मी, आणि रोज त्याला ओल्या वाळ्याचा वारा घालतेय. हसू आवरेना. काकांना सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला.
"मी तं तुह्यासाठीच लावत होतो पोरी. भाजून निघतं म्हणून."
म्हटलं, काका, त्याच्यासमोर खुर्ची ओढून तर मीच बसायचे. तेव्हा कुठे हसले. वायर स्वतः काढून गुंडाळून ठेवली.

८ मे
कुलर बंद. खोलीची भट्टी. नववी काच दिवसभर काळी. संध्याकाळी यंत्रात घालून उजेड-शोषणाचा आलेख काढला. जांभळ्यापासून लालपर्यंत रेघ वरच, आणि लाल टोक संपतं तिथे, ७८० नॅनोमीटरपाशी, धाडकन खाली. अशी स्वच्छ कडा! इतका आनंद बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. काकांना आलेखातलं काही कळलं नाही, पण खूश माझ्याइतकेच.

९ मे, शनि.
सरांनी काच खिडकीशी धरून पाहिली. आलेख दोनदा. "एखादी नशिबानेही जमते. आज माझ्यासमोर कर. चारपर्यंत मी इथेच आहे."
दहावी केली. वाट पाहता पाहता हे लिहितेय. दोन वाजता सरांनी कुलरकडे बोट दाखवलं, काकांनी नकाराची मान हलवली.
साडेतीन. काळी.
चारला पाच कमी. काळी! सर आता माझ्याही पुढे वाकून बघतायत. काका मागून,
"सर, जरा मांगं सरा. घाम पडन काचीवर."