हिरव्या गाडीचं आवतन

बाबा,

काल तुमच्या नातवाची नवी गाडी चालवली. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. नाक तुमचं घेऊन आला आहे आणि गाड्यांचं वेडही तुमचंच. दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार आहे, इतकी बुटकी की बसताना माझे गुडघे कुरकुरले आणि उतरताना त्यानं हात धरून मला ओढून काढलं. कोराडीच्या पुढे आता रस्ता असा रुंद झालाय की तुम्ही ओळखणार नाही. तिथे त्यानं गाडी थांबवली आणि म्हणाला, "आई, आता तू." मी सवयीनं चपला काढून सीटखाली सरकवल्या, तर तो हसायला लागला. "अगं, क्लच नाहीये यात. पायांना कामच नाही."

खरंच नव्हतं. उजव्या पायानं नुसतं शिवलं की गाडी सुटते, डावा पाय पाहुण्यासारखा बसून राहतो. स्टिअरिंग एका बोटानं वळतं. चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर गेलं तर स्टिअरिंग थरथरतं खरं, पण ते रस्त्यामुळे नाही, सावध करण्यासाठी आत तशी सोय बसवलेली आहे म्हणे. इंजिनाचा मात्र छान भरदार आवाज येत होता. मला बरं वाटलं, मी तसं म्हणालेही, तर हा सांगतो की त्यातला बराचसा आवाज स्पीकरमधून येतो. त्यानं काहीतरी दाबलं आणि आवाज एकदम बंद झाला. बाबा, मला हसावं की रडावं कळेना. वेगाचं विचाराल तर तुमच्या हिरवीनं, त्या जुन्या गाडीनं, हिच्या मागे नुसता धुरळा खाल्ला असता. पण गाडी मुकी. खाली डांबर आहे की खडी, ब्रेक किती लागला, कशाचा म्हणून पत्ता लागेना. "कसं वाटतंय?" त्यानं विचारलं. "छान आहे," मी म्हणाले. घरी आले, चहा ठेवला, तो उतू गेला, आणि मग तुमच्याशी बोलावंसं वाटलं म्हणून हा कागद ओढला.

हिरवी आली तेव्हा तुम्ही उमरेडकडच्या कोळसा खाणीत फोरमन होता. खाणीचा गोरा मॅनेजर मायदेशी परत चालला होता आणि त्याची दोन सीटांची, उघडी, लांब नाकाची गाडी कोणालाच नको होती. तिच्यात ना बायको-पोरं मावत, ना सामान. तुम्ही ती घेतलीत आणि धरमपेठेतल्या आपल्या भाड्याच्या घरासमोर आणून उभी केलीत. सगळी गल्ली गोळा झाली. आई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "अवो, आपण तीन जणं अन् सीटा दोन. मले काय डोक्यावर बसवता?" तुम्ही म्हणालात, "तू बस नं पुढे, पोरगी मांडीवर." पुढे एकदा तुम्ही तिला सीताबर्डीला नेलंत, व्हरायटी चौकात लोक गाडीभोवती जमले, कोणीतरी शिट्टी मारली, आणि ती पदरानं तोंड झाकून बसली. घरी आल्यावर म्हणाली, "माह्या लग्नाच्या वरातीतही इतके लोक नव्हते." त्यानंतर ती त्या गाडीत कधी बसली नाही. मी मात्र उतरायला तयार नसायची.

तुमची शेती काकांकडे गेली, बैल विकले गेले, पण पोळा तुमच्या अंगातून गेला नाही. कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी लागून आपण तिथल्या कॉलनीत राहायला गेलो तेव्हाची गोष्ट आठवते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही हळद आणि तूप कालवलंत, पळसाचं पान घेतलंत आणि हिरवीच्या पुढच्या चाकांवरचे दोन्ही गोल पत्रे चोळायला बसलात. बैलाचे जू वाहून दुखावलेले खांदे चोळतात ना, अगदी तसेच. आणि मोठ्यांदा म्हणालात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेजारचे इंजिनियर साहेब व्हरांड्यातून बघत होते. ते म्हणाले, "अहो, वाहनाची पूजा दसऱ्याला करतात." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दसऱ्याले हत्याराची करते साहेब. हे हत्यार नोहे, जनावर हाय. याले दम लागते." दुसऱ्या दिवशी हिरवी जागची हलायची नाही. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून तुम्ही ड्यूटीवर पायी जायचात, पाऊस असला तरी. कॉलनीत लोक हसायचे. मलाही शाळेत असताना थोडी लाज वाटायची, आणि तरी हळदीची वाटी धरायला मीच पुढे असायची.

मला शिकवलंत तेव्हा मी कॉलेजात होते. पहिल्याच दिवशी ओरडा खाल्ला. "चपला काहून घातल्या? हातमोजा घालून कोणी पोळी लाटते का?" मग अनवाणी. मग दुसरा ओरडा, कारण मी वेगाच्या काट्याकडे बघत होते. "काटा काय पाहून राहिली वं? पायाले इचार." दुसऱ्यातून पहिला गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागायचा, मध्ये जरासा एक्सिलरेटर द्यायचा, आणि तो जरासा म्हणजे किती, हे सांगता यायचं नाही. चुकलं की गिअर असे किंचाळायचे की कॉलनीतली कुत्री उठायची. आणि जमलं की ती गिअरची काठी आपण होऊन आत सरकायची. तेव्हा तळपायातून गाडी कळायची, बाबा. खाली खडी आली की कळायचं, वीज केंद्राची ओली राख आली की कळायचं, ब्रेक धरायच्या आधी तो धरणार हे कळायचं. दोन्ही हातांना मुंग्या आलेल्या, कपड्यांना पेट्रोलचा वास, केसांत राख, आणि मी इतकी खूष की जेवण जायचं नाही.

तुम्हाला साखरेचा आजार आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण तो चहा फिका पिण्यापुरता. मग त्या उन्हाळ्यात आईला तुमच्या उजव्या तळपायावर हा एवढा फोड दिसला. हिरवीचा पत्रा तापायचा, खालून सायलेन्सरचा पाइप जायचा, त्यावर तुम्ही पाय ठेवून सगळा रस्ता आलात आणि तुम्हाला समजलंच नाही. आई म्हणाली, "भाजलं तं समजलं काहून नाही?" तुम्ही म्हणालात, "ध्यान नव्हतं." धरमपेठेतल्या डॉक्टरांनी पाय तपासले आणि सांगितलं की तळपायाची जाणीव गेली आहे, आता गाडी बंद. तुम्ही हो म्हणालात आणि तीच गाडी चालवत मला घेऊन घरी आलात.

आई माझ्या मागे लागली. "तूच सांग त्याहिले. माह्यं ऐकत नाहीत." मी कसं सांगणार होते? मला ज्यांनी पायाला विचारायला शिकवलं त्यांनाच? मी नुसती शेजारी बसत राहिले. आणि मग मला दिसायला लागलं की तुम्ही खाली बघता. चौक आला, उतार आला, की तुमची नजर रस्त्यावरून खाली जायची, पाय ब्रेकवर आहे की एक्सिलरेटरवर हे डोळ्यांनी पाहून यायची, मग वर. पावसाळा लागला तरी हे चालूच होतं. एकदा नागपूरहून परत येताना पुढच्या कोळशाच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला. तुम्ही खाली बघत होता. मी दोघांच्या मधला हँडब्रेक जीव खाऊन ओढला. गाडी फिरली, कडेच्या चिखलात गेली आणि ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. ट्रकवाल्याला पत्ताही नव्हता, तो निघून गेला.

"हँडब्रेक काहून ओढला?" तुम्ही विचारलंत.

"तुमी खाली पाहून राहिले होते, बाबा."

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. मग घरापर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच आलो. जेवताना आईनं विचारलं, चिखल कुठला? मी उठून तुम्हाला पाणी वाढलं. त्या रात्री मला तुमचा इतका राग आला होता आणि इतकी दया आली होती, की मी उशीत तोंड खुपसून रडले.

नंतर पोळा आला. आदल्या संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखी हळद कालवलीत, हिरवीचे खांदे चोळलेत, आवतन दिलंत. वाटीत थोडी हळद उरली होती. तुम्ही पायरीवर बसलात, पायजमा वर घेतलात आणि दोन्ही पाय माझ्यापुढे केलेत.

"लावून दे वं याहिलेही. लय राबले."

मी खाली बसले. पळसाचं पान टाकून दिलं आणि हातानंच लावायला लागले. तुमचे तळपाय थंडगार होते. फोडाच्या जागी काळा डाग होता. मी टाचेपासून बोटांपर्यंत जोर देऊन चोळत होते, माझा अंगठा दुखायला लागला.

"कळते का, बाबा?" मी विचारलं.

तुम्ही हिरवीकडे बघत होता. "नाही," म्हणालात.

एवढंच. आई दारात उभी होती, ती आत निघून गेली. थोड्या वेळानं तुम्ही खिशातून चावी काढून माझ्या ओंजळीत टाकलीत, तिला हळद लागली. "परवापासून तू हाक." मी आवतनाचे शब्द तुमच्या पायांना म्हणायला गेले, पण ते तोंडातच राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, घरातली इडापिडा बाहेर घालवतात त्या मारबतीच्या दिवशी, आईनं पळसाची फांदी फाटकाबाहेर फेकली आणि सगळी कॉलनी जागी होईल अशी ओरडली, "साखरेची बिमारी घेऊन जाय गे मारबत!" शेजारचे साहेब खिडकी उघडून बघायला लागले. तुम्ही गादीवर पडल्या पडल्या हसत होता.

त्यानंतरचा तो हिवाळा मला फार प्रिय आहे. मी चालवायची, तुम्ही डावीकडे डोळे मिटून बसायचात आणि विचारायचात, "सांग, काय म्हणते?" मग मी मोठ्यानं सांगत जायची. डावीकडे खडी आहे, बाबा. मागचं चाक जरा घसरलं, मग धरलं. "क्लच?" पार वर आल्यावर धरून राहिला. "हं, प्लेट झिजली." पुलावर पत्रा खुळखुळला. "ते ऐकू आलं वं, पायाचं सांग." आणि मी पायाचं सांगायची. राखेवरून जाताना तळव्याखाली गाडी कशी हलकी होते ते एकदा मी सांगितलं, तर तुम्ही मिटल्या डोळ्यांनी मान हलवलीत आणि तुमच्या गालावरून पाणी आलं. वाऱ्यानं आलं म्हणालात. टप उघडा होता, वाराही होता.

पुढे त्या पायाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, मला लिहायचं नाही. तुम्ही गेल्यावर हिरवी ताडपत्रीखाली उभी राहिली. मला तिच्यात एकटीनं बसवेना, कारण सांगायला शेजारी कोणी नव्हतं. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं ती देऊन टाकली. ट्रकवर चढवताना आई पुढे झाली, पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाय माय." मग आत जाऊन भांडी घासायला लागली.

आता जे लिहायला खरं म्हणजे बसले, ते लिहिते. हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. गेल्या महिन्यात, मी माझ्या साखरेसाठी जाते त्या डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. म्हणाल्या, तळपायाला सुई टोचते, कळलं की हो म्हणा. मी हो म्हणाले, पुन्हा हो म्हणाले, चांगल्या हुशार मुलीसारखी हो म्हणत राहिले. डोळे उघडले तर त्या सुई मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी अजून टोचलीच नव्हती. तेव्हा कालची गाडी मुकी होती की मी, हे मला सांगता यायचं नाही. मुलाला वाटतं, आईला जुन्या गाडीची ऐट आहे. रविवारी तो पुन्हा येणार आहे आणि चावी माझ्याच हातात देणार आहे. तुम्ही पायरीवर बसून एका शब्दात सांगितलंत, बाबा, आणि त्या एका शब्दाला तुम्हाला अख्खा पावसाळा लागला. मी त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही.