दवाखान्याची डबी

बाळापूर,
१ मार्च, रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

दोस्त शफीक यास नत्थूचा सलाम आणि रामराम दोन्ही. (दोन्हीतला एक पोचला तरी चालेल, बाकी तू मनाने जोडून घेशील.) वहिनी खातूनबींना नमस्कार. सुभद्राही सांगते आहे की तिचा नमस्कार वेगळा लिहा, माझ्यातच घुसवू नका. म्हणून वेगळा लिहिला. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझी तब्येत कशी आहे हे मात्र मी पत्राच्या शेवटी विचारणार आहे, आणि त्याला कारण आहे. फोन असताना पत्र काहून, असं तू म्हणशील. फोनवर तू विषय बदलतोस, आणि बदलता आला नाही की फोन ठेवतोस. पत्र असं ठेवून देता येत नाही. ठेवलं तरी ते घरातच राहतं आणि वहिनी ते वाचतात.

माझ्या खोकल्याची तुला ओळख आहेच. जानेवारीत सुभद्रा खुशीच्या बारशाला अमरावतीला गेली आणि इकडे तूर काढायची म्हणून मी मागे राहिलो, तेव्हा तू अकोल्याहून सोबतीला आलास, आठ दिवस राहिलास आणि माझ्या नातीसाठी ती फुलाफुलांच्या कापडाची छोटी गादी रुई भरून शिवून गेलास. थंडी होती म्हणून आपण दारं-खिडक्या लावून एकाच खोलीत दोन खाटा टाकल्या होत्या. मी खोकत होतो आणि तू गोष्टी सांगत होतास. मी खोकलो की तू थांबायचास, आणि खोकला संपला की गोष्ट जिथे राहिली तिथूनच पुढे न्यायचास. एवढं सोसणारा कथेकरी मला दुसरा मिळाला नाही, आणि एवढा खोकणारा श्रोता तुलाही मिळाला नसेल. असो. माझा खोकला नाताळाच्या सुट्टीत सुरू झाला आणि मी त्याला दर आठवड्याला नवं कारण देत गेलो. पहिल्या आठवड्यात थंडी. दुसऱ्यात तुरीचा थ्रेशर. तिसऱ्यात संक्रांतीचे तिळाचे लाडू (गळ्याला चिकटतात, असं मी लोकांना पटवून दिलं आणि तरी सात खाल्ले). चौथ्या-पाचव्यात धुकं, धूळ आणि सरकारी रस्त्याचं काम. शेजारचा मोतीराम रोज एक औषध आणायचा. अडुळसा, ज्येष्ठमध, भाजलेली लवंग, हळदीचं दूध. मेडिकलमधून लाल औषधाच्या तीन बाटल्या मी आपल्या मनानेच आणल्या. चौथी आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने मी न मागताच ती काढून ठेवली होती. गिऱ्हाईक म्हणून असा मान मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळाला नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या भागात नत्थूच्या हातच्या, गोवऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांना जे नाव आहे ते तू जाणतोसच. खरं सांगायचं तर नाव हाताला नसून फुंकरीला आहे. गोवऱ्यांचा विस्तव कितीही रुसला तरी मी एका फुंकरीत त्याला हसवतो, हे पन्नास वर्षं सगळ्यांनी पाहिलं आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोतीरामच्या शेतात रोडग्यांचा बेत होता. साठ माणूस जेवायला. मी दुपट्टा कमरेला बांधून बसलो, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकर मारली. राख हललीसुद्धा नाही. दुसरी मारली तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मग खोकल्याची अशी उबळ आली की मी बाजूच्या बाभळीला धरून उभा राहिलो.  कोणीतरी पत्र्याच्या तुकड्याने वारा घालून विस्तव पेटवला. शफीक, पत्र्याच्या तुकड्याने! त्या दिवशी रोडगे उत्तम झाले, ही आणखी दुःखाची गोष्ट.

घरी आल्यावर सुभद्रा एवढंच म्हणाली की पुढच्या आठवड्यात खुशीला सव्वा महिना होतो, प्राजक्ता लेकरू घेऊन माहेरी येणार आहे, आणि तुम्ही दवाखान्यात गेल्याशिवाय मी तिला या म्हणून सांगणार नाही. मी खुशीला फक्त मोबाइलवर पाहिली होती. एवढंसं तोंड, त्यात एवढी मोठी जांभई. तिला मांडीवर घ्यायचं म्हणून मी नवा पायजमा शिवला होता. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथे डॉक्टर गजाला म्हणून बाई आहेत. वय आपल्या प्राजक्ताएवढं. मी मनात म्हटलं, ही पोर काय सांगणार. तिने माझ्या पाठीला नळी लावली आणि डोळे मिटले. मी बोलायला लागलो तर तिने बोट वर केलं. शफीक, साठ-पासष्ट वर्षांत माझ्याकडे कोणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नाही, आणि मी तर काही बोलतही नव्हतो. चाळीस माणसांनी सहा आठवडे माझा खोकला ऐकला आणि प्रत्येकाने काढा सांगितला. या मुलीने तो पाठीवरून, पाच ठिकाणी, दोन मिनिटं ऐकला आणि तिचा चेहरा बदलला. मी तर चाटच पडलो. मग तिने विचारलं, ‘काका, किती दिस झाले खोकून राहिले?’ मी म्हटलं, असतील आठ-पंधरा. ती म्हणाली, ‘खरं सांगा जी.’ मी म्हटलं, सहा आठवडे. भूक? कमी. वजन? माहीत नाही. रात्री घाम? (हे तिला कसं कळलं? ते मी सुभद्रेलाही सांगितलं नव्हतं.) मग तिने झाकणाची एक छोटी प्लास्टिकची डबी दिली. सकाळी उठल्यावर, उघड्यावर उभं राहून, छातीतून खोकून जे निघेल ते यात आणायचं. टीबी आहे की नाही ते त्यावरून कळतं.

तो शब्द मी ऐकला. मी खोटं सांगत नाही, भ्यालो. गावात काय म्हणतील, प्राजक्ताच्या सासरी काय म्हणतील, हे सगळं होतंच. पण खरं भय एकच होतं की खुशी येणार नाही. म्हणून मी एक युक्ती काढली. (तुला माझ्या युक्त्या शाळेपासून माहीत आहेत. पुढे वाच.) ठरवलं की डबी तशीच रिकामी परत द्यायची आणि सांगायचं, बाई, काही निघालंच नाही. घरी येऊन ती कागदात गुंडाळलेली डबी स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली आणि सुभद्रेला एवढंच बोललो की दवाखान्याची डबी आहे, सकाळी परत न्यायची आहे.

सकाळी डबी खिशात घातली आणि दवाखान्यात थुंकी तपासणाऱ्या सहदेवच्या टेबलावर नेऊन ठेवली. निघताना सुभद्रेने बोरांची एक पिशवीही हातात दिली होती, ती मी सायकलीला लावली आणि विसरलो. सहदेवने तोंडाला फडकं, हाताला मोजे घातले, कागद सोडला, झाकण उघडलं आणि बघतच राहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत डबीत पाहिलं. मग अगदी हळू, माणसाच्या दुःखाला हात घालावा तसा, म्हणाला, ‘काका, हे तुमच्या छातीतून निघालं?’

डबीत जवसाची चटणी होती.

काठोकाठ, दाबून, वरून लसणाची एक पाकळी ठेवलेली. शफीक, तू आमच्या घरी जेवला आहेस, तुला सांगायला नको. सुभद्रेच्या हातून आजवर कोणाची डबी रिकामी परत गेलेली नाही. तुझ्या घरून शिरखुर्म्याचा डबा आला तर त्यात गूळ-शेंगदाणे घातल्याशिवाय तो अकोल्याला जात नाही. दवाखान्याची डबी म्हणजे डॉक्टरीणबाईंनी काही औषध घालून दिली असेल, ते संपलं, आता रिकामी कशी द्यायची? आणि डबी फार लहान, दिसायला बरं दिसत नाही, म्हणून वर बोरं! हे सगळं मला तिथेच, सहदेवच्या टेबलासमोर उभ्या उभ्या कळलं. बाहेर लोक रांगेत होते. माझी युक्ती लसणाच्या पाकळीसकट सगळ्यांसमोर पडली होती.

डॉक्टर गजालांना बोलावलं. त्या आधी हसल्या. अगदी भिंतीला टेकून हसल्या. मग दार लावून समोर बसल्या आणि विचारलं, ‘तुमाले कायचं भेव वाटून राहिलं?’ मी सगळं सांगितलं. खुशीचंही. त्या म्हणाल्या, ‘काका, डबी रिकामी देऊन तुमी खुशीले मांडीवर घेतलं असतं, त तिले काय देलं असतं तुमी?’  

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी तुला त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण मी ते पाठ केलं आहे. ‘दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला का धूळ म्हनायचं नाई, थंडी म्हनायचं नाई, दवाखान्यात यायचं. अन् थुंकीत रक्त दिसलं, बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, नाई त तापच उतरेना, त दोन आठवडेबी थांबायचं नाई, त्याच दिवशी यायचं.’

त्याच दिवशी माझा फोटो काढला, छातीचा. तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. शफीक, मी माझी जमीन वीतभर ओळखतो, बैलाच्या चालीवरून त्याचा खूर दुखतो का ते सांगतो. पण स्वतःच्या आत काय आहे हे मी पहिल्यांदाच पाहिलं. बरगड्या कशा सारख्या, ओळीने. मधे काळजाची सावली. दोन्ही बाजूंना दोन भाते, जन्मल्यापासून एक दिवस न थांबता चाललेले. झोपेतही चाललेले. मी पन्नास वर्षं फुंकरीचा मान घेतला आणि फुंकर ज्यांची होती त्यांची कधी विचारपूस केली नाही. उजव्या भात्यात वरच्या बाजूला एक पांढरा डाग होता, तुझ्या कापूस पिंजायच्या यंत्रातून उडून भिंतीला चिकटतो तेवढा रुईचा पुंजका. हात जोडावेसे वाटले. कोणाला, ते कळलं नाही.

घरी येऊन सुभद्रेला खरं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘मंग ते चटणी त्याहीनं खाल्ली का फेकली?’ (सहदेवने फेकली. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. बोरं मात्र दवाखान्यात सगळ्यांनी खाल्ली.) मग ती आत गेली आणि माझे दोन्ही जुने पायजमे घेऊन आली. दोन्हींची कंबर आतून उसवून, टाके घालून लहान केलेली, दोनदा. महिनाभर मी बारीक होत होतो आणि ही मला न सांगता कंबर लहान करत होती. मी विचारलं, बोलली का नाहीस. म्हणाली, ‘तुमाले समजलं असतं त तुमी घाबरले असते.’ म्हणजे मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती माझ्यापासून. एवढ्याशा घरात एवढं मोठं भय दोघांनी वेगवेगळं सांभाळलं. मला तिच्या त्या टाक्यांकडे पाहून रडू आलं, ते मी खोकल्यात लपवलं.

दुसऱ्या सकाळी अंगणात उभं राहून खोकलो आणि दुसरी डबी भरली. सुभद्रा दारात उभी राहून लक्ष ठेवून होती. टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, सरकारकडून फुकट, एक दिवस चुकवायच्या नाहीत. सुभद्रेची तपासणी झाली, ती ठीक आहे. आज गोळ्यांना तीन आठवडे होत आहेत, ताप गेला, खोकला निम्म्यावर आला, काल दोन भाकरी खाल्ल्या. खुशी अजून अमरावतीलाच आहे. डॉक्टर म्हणाल्या, मी सांगेन तेव्हाच बाळाला जवळ घ्यायचं, त्याआधी नाही. मी हो म्हटलं. तुझी गादी उन्हात घालून, गुंडाळून, कपाटात ठेवली आहे. मी ती रोज एकदा उघडून पाहतो आणि परत बांधतो.

तुझा,
नत्थू

ता. क. : गादी सुरेख झाली आहे. ते मघाशी लिहायचं राहिलं.

ता. क. दुसरा : आता तब्येतीचं. मागच्या शुक्रवारी आपण फोनवर नऊ मिनिटं बोललो. त्यात तू अकरा वेळा खोकलास. मी मोजलं. विचारलं तर म्हणालास, ‘काही नाही बे, रुई आहे.’ त्याआधीच्या शुक्रवारीही रुईच होती, आणि त्याच्याही आधीच्या. शफीक, तुरीची धूळ म्हणून मी सहा आठवडे घालवले, तू रुई म्हणून घालवू नको. कदाचित रुईच असेल, मी रोज तेच मागतो. पण त्या आठ दिवसांत बंद खोलीत मी खोकलो आणि तू ऐकलंस. डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या सोबत कोण कोण राहिलं? मी दोन नावं दिली. एक सुभद्रा. दुसरं तुझं, पत्त्यासकट. या आठवड्यात तुमच्या भागातल्या दवाखान्यातून माणूस येईल. रागावायचं तर माझ्यावर रागाव, त्या माणसाला चहा दे.

ता. क. तिसरा, आणि हा वहिनींसाठी : वहिनी, तो माणूस एक छोटी डबी देईल. तिच्यात शिरखुर्मा घालायचा नाही, खारीक-बदाम नाही, काहीच नाही. सकाळी शफीकला अंगणात उभा करा आणि तुम्ही दारात उभ्या राहा. तो माझाच दोस्त आहे, काही निघालं नाही असं म्हणेल. ऐकू नका. आपल्या घरातून डबी रिकामी परत जात नाही.