घराभोवतीची चांदी

१२ मे
आले एकदाची. माझ्या लेकीने, सुनिव्हाने, डोंगरावरचं हे जुनं घर घेतलं आणि महिन्याभरात बाळंतही झाली. जावई समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर नोकरीला, म्हणून विधवा आई कामाला आली. नात गुटगुटीत आहे, चार किलो दोनशे. नाव ठेवायचं जूनच्या दुसऱ्या रविवारी, चर्चमध्ये. तोवर मी तिला बटाटा म्हणते. सुनिव्हा चिडते. चिडली की अगदी बापासारखी दिसते, म्हणून मुद्दाम म्हणते.

येताना माझं मशीन आणलंय, जमिनीत धातू असला की टुणटुणणारं. नवरा गेल्यावर घेतलं. त्याच्यापेक्षा कमी कुरकुरतं.

१५ मे
प्लमच्या झाडाखाली मशीन वाजलं. वीतभर खाली चांदीचा ब्रोच, सणाच्या पोशाखावर लावतो तसला, बारीक पानं लोंबणारा. सोडा आणि कोमट पाण्याने घासला. मागे ८३०चा छाप, हजारात किती भाग चांदी ते सांगणारा; हा छाप अलीकडचा, म्हणजे फार तर सव्वाशे वर्षांचा. संध्याकाळपर्यंत आणखी दोन. एकाची पानं साच्यात दाबलेली. दुसऱ्याची तार हाताने पिळलेली, कुठे जाड, कुठे बारीक. तो सहज अडीचशे वर्षांचा.

सापडेल तिथे खूण करा, लिहून ठेवा, असं आमच्या मशीनवाल्यांच्या क्लबातले घसा कोरडा करून सांगतात. मी कधी कोणाचं ऐकलंय?

१७ मे
पिळल्या तारेचा ब्रोच छातीवर लावून राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीला गेले. शेजारची नव्वदीची आसलाउगआजी टक लावून बघत राहिली. मी म्हटलं, आजी, जळू नका, एखादा म्हातारा गटवा, तोही घेऊन देईल. हसली नाही. कुठे सापडला विचारलं. अंगणात, म्हटलं. हातातलं आइस्क्रीम टाकून ती घरी गेली.

२२ मे
सात झाले, घराच्या चहूबाजूंनी. सातवा पूर्वेच्या दारासमोर, गुडघाभर खोल. नुसतं कडं आणि सरळ टाचणी. इतकं जुनं सरकारजमा करावं लागतं. पुराणवस्तू खात्याची बाई आजच येऊन घेऊन गेली. सातशे वर्षांचा तरी, म्हणाली.

नर्सने बटाट्याचं वजन केलं. तीन नऊशे. दूध तर ओढून पिते. नर्स म्हणाली, काटा बिघडला असेल.

२७ मे
आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीन शंभर. गाल तसेच, मांड्यांच्या वळ्या तशाच. नुसती हलकी. उचलायला गेले तर माझेच हात झटकन वर गेले.

२९ मे
दोन दिवस इस्पितळात काढले. तपासण्या सगळ्या चांगल्या. तिथेही चारशे ग्रॅम गेले. म्हणजे घराच्या हवापाण्याचा दोष नाही; हे घर सोडूनही भागणार नाही.

३० मे
आसलाउगआजी काठी टेकत आली. म्हणाली, बाई, कुंपण उपटलंस तू. या घरात पहिलं बाळ झालं की आई आपला ब्रोच पुरायची. जमिनीखालची माणसं बाळाला उचलून नेत नाहीत, थोडं थोडं नेतात. सगळ्यात जुना पूर्वेला, मग सूर्य फिरतो तसे पुढचे. जागा चुकवू नकोस.

थट्टा बाजूला ठेवली आणि भिंग शोधायला घेतलं.

३१ मे
भिंग घेऊन सहाही टेबलावर मांडले. छाप असलेला शेवटचा, प्लमखाली. साच्याचा त्याच्या आधीचा. पिळल्या तारेचे चार. त्यांच्यात थोरला कोण? टाचण्यांची झीज बघतेय. घासून घासून मीच निम्मी झीज केली असेल—

अंदाजाने पुरले. दीड तासाने दोन किलो चारशे. तीनशे गेले.

१ जून
दुसऱ्याच्या जागी तिसरा, तिसऱ्याच्या जागी दुसरा पुरला. दोन सहाशे. वाढली. चौथ्या-पाचव्याचीही अदलाबदल केली— दोन नऊशे. सुनिव्हा हसली आणि मग रडली.

३ जून
सहा बरोबर बसलेत. तरी पुन्हा उतरतेय. पूर्वेचा खड्डा रिकामा.

खात्याच्या बाईला फोन केला. गोड बोलते. परत देता येत नाही, म्हणाली. नात मरेल, म्हटलं. डॉक्टरकडे जा, म्हणाली.

माझ्या लग्नाचा ब्रोच पुरला. काही नाही. आईचे चमचे पुरले. काही—

४ जून
दोन किलो. दुपट्याखाली काही आहे असं वाटतच नाही.

आजीच्या दारात बसून राहिले. शेवटी बोलली. पहिलीने ब्रोच पुरला नव्हता. तो तिच्या अंगावर होता; पूर्वेच्या खड्ड्यात तीच उतरली होती.

५ जून, सकाळ
ऊन स्वच्छ. पूर्वेच्या खड्ड्यात उभी आहे, गुडघ्यापर्यंत. सुनिव्हाला दारात काटा घेऊन बसवलंय. ओरडतेय, आई, वर ये. म्हटलं, तू फक्त आकडे सांग.

दोन तीनशे.

दोन नऊशे. पायाखाली माती आहे, पायांना कळत नाही.

तीन पाचशे— पोर रडतेय, चांगली ठणठणीत—

वही फार जड. पेन्सिल दोन्ही हातांनी—

चार किलो म्हणाली. अजून दोनशे. अजून दोन